लामावरून खुशाली

सातारा जिल्ह्यात आपशिंगे नावाचे एक गाव आहे. लोक त्याला 'मिलिटरी आपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावचे ४६ जण कामी आले. त्यांच्या आठवणीचा स्तंभ गावात उभा आहे. कोकणात आणि देशावर इतरही कित्येक गावांत भिंतीत बसवलेला एक दगड दिसतो. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या लढाईवर गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, असे त्यावर कोरलेले असते.

दगड आकडा सांगतो. पण गेलेला माणूस तिथे काय खात होता, थंडीत कसा राहत होता, रात्री त्याला कोणाची आठवण येत होती, हे दगड सांगत नाही. ते पत्र सांगते. जुनी माणसे लढाईच्या आघाडीला 'लाम' म्हणत. लामावरून घरी आणि घरून लामावर खुशाली कशी जात होती, आज कशी जाते, हे आपण या पाठात पाहू.

१. साता समुद्रांपलीकडे

१९१४ साली युरोपात मोठी लढाई पेटली. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला इंग्लंड आणि फ्रान्स. आपल्या देशावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. म्हणून आपले शिपाईही त्या लढाईत गेले. शिपाई आणि मजूर मिळून सुमारे १३ लाख माणसे देशाबाहेर गेली. त्यांतली ७० हजारांहून अधिक परत आली नाहीत. साध्या शिपायाला महिना ११ रुपये पगार होता.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस आपल्या पलटणी फ्रान्समधल्या मार्सेल्स बंदरात उतरल्या. तिथे थंडी फार. शिपाई चिखलाच्या खंदकांत राहत. आपल्या मराठा पलटणींपैकी कित्येक बसऱ्याकडे गेल्या. त्या मुलुखाला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत. आज तो इराक देशात आहे.

बोटीशिवाय पत्राला दुसरी वाट नव्हती. पत्र जाऊन त्याचे उत्तर येईपर्यंत महिने उलटत. आई उंबऱ्यावर डोळे लावून बसे. पत्र आले की जीव भांड्यात पडे. पण त्या पत्रात मजकूर असे मागचा. आज पोरगा कसा आहे, हे त्यातून कळत नसे.

तरीही पत्रे लिहिली जात होती. १९१५ च्या मार्च महिन्यात फ्रान्समधले आपले शिपाई दर आठवड्याला १० ते २० हजार पत्रे लिहीत होते. त्यांतले कितीतरी शिपाई स्वतः निरक्षर होते. मग इतकी पत्रे लिहिली कोणी?

२. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा

पलटणीत थोडे लोक लिहिणारे असत. शिपाई त्यांच्यापाशी बसे आणि मनातले सांगे. तो लिहून घेई. दवाखान्यात जखमी पडलेल्यालाही असाच कोणीतरी शोधावा लागे.

लिहून झाले की पत्र पलटणीतला साहेब तपासत असे. पुढे फ्रान्समध्ये एक खास कचेरी निघाली. बुलोन या बंदरगावी ती होती. आपल्या शिपायांची पत्रे तिथे उघडली जात. शत्रूला उपयोगी पडेल असा मजकूर त्यात आहे का, शिपायांचे मन सरकारवर नाराज आहे का, हे तिथले लोक पाहत. अशा तपासणीला 'सेन्सॉर' म्हणतात. काही मजकुराचे इंग्रजीत भाषांतर करून वरच्या साहेबांकडे पाठवत. ती भाषांतरे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवली आहेत. त्यांच्यामुळेच त्या शिपायांचे बोल आपल्याला कळतात.

शेवटी पत्र गावात येई. घरात कोणाला वाचता येत नसेल तर ते मास्तरांकडे किंवा दुसऱ्या कोणा जाणत्याकडे न्यावे लागे. तो मोठ्याने वाची आणि भोवतीचे सगळे ऐकत.

आता मोजून पाहा. लिहिणारा एक, साहेब दुसरा, कचेरीतला तपासनीस तिसरा, गावात वाचणारा चौथा. नवऱ्याने बायकोला सांगितलेली गोष्ट चार परक्यांच्या कानांवरून जाई, तेव्हा कुठे तिच्या कानी पडे. अशा पत्रात माणूस मन कसे मोकळे करणार? आणि तिने उत्तर कसे द्यावे? सासूचे दुखणे, कर्जाचा तगादा, भाऊबंदांचा त्रास, हे दुसऱ्याला कसे लिहायला सांगावे? बायकांनी स्वतः लिहिलेली पत्रे त्या काळातली फार थोडी मिळतात.

३. काळी मिरी आणि लाल मिरची

तरी शिपाई हुशार. पत्र साहेब वाचणार हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो आडून बोले. १९१५ सालचे एक पत्र प्रसिद्ध आहे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरात आहे, पण काळी मिरी फार तिखट, लाल मिरची तितकी नाही, असा त्याचा आशय होता. वरून पाहिले तर हे वाण्याच्या दुकानातले बोलणे. पण काळी मिरी म्हणजे आपले हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई. आपली माणसे फार पडली, हे त्याने असे कळवले. तपासनिसाला मात्र ही मिरची कळली. म्हणून तर त्या मजकुराची नोंद राहिली.

काहींनी आडपडदा ठेवलाच नाही. ही नुसती लढाई नव्हे, जग बुडायची वेळ आहे, पूर्वजांनी सांगितलेले महाभारत ते हेच, असे एकाने घरी कळवले. उलट कित्येकांनी जखम लपवली. 'मी सुखरूप आहे, काळजी नसावी,' एवढेच त्यांनी लिहिले. आईच्या जिवाला घोर नको, हा त्यांचा हेतू.

सगळ्या पत्रांत लढाईच असे असे नाही. धाडलेले पैसे पोचले का? जमिनीच्या तंट्याचे काय झाले? बैल विकला का ठेवला? बहिणीचे लग्न ठरले का? अंग फ्रान्समध्ये होते, पण मन शेताच्या बांधावरच होते.

४. छापील कार्ड

इंग्रजांच्या फौजेत त्या वेळी एक छापील कार्ड मिळत असे. त्यावर तयार ओळी असत. 'मी बरा आहे.' 'मला दवाखान्यात दाखल केले आहे.' 'तुमचे पत्र पोचले.' 'तुमचे पत्र बरेच दिवस आले नाही.' शिपायाने लागू नसलेल्या ओळी खोडायच्या, खाली सही आणि तारीख घालायची. बस्स. वर एक शब्द जास्त लिहिला तरी कार्ड फाडून टाकू, अशी ताकीद त्यावरच छापलेली असे.

असे कार्ड लवकर जाई. धावपळीच्या वेळी तेवढाच आधार होता. माणूस जिवंत आहे, इतके त्यावरून कळे. पण विचार करा. हजारो माणसे आणि सगळ्यांच्या तोंडी तेच ठरावीक शब्द! त्या कार्डावर 'मला तुझी आठवण येते' अशी ओळ नव्हती. ज्याला लिहिता येते त्यालाही तिथे गप्प बसावे लागे.

५. मुलींना शाळेत घाला

फ्रान्समध्ये आपल्या शिपायांनी लढाईखेरीज आणखी एक गोष्ट पाहिली. खेड्यांत त्यांचा मुक्काम पडे. तिथले पुरुष लढाईवर गेलेले. बायका शेत नांगरत, गुरे पाहत, दुकान चालवत. आणि त्या लिहीत-वाचत होत्या. आपल्या नवऱ्याला, मुलाला त्या स्वतः पत्र लिहीत. आलेले पत्र स्वतः वाचत.

हे पाहून आपल्या कित्येक शिपायांच्या मनाने घेतले. मुलींना शिकवा, शाळेत घाला, असे त्यांनी घरी कळवले. ज्याला स्वतःचे पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागले, त्यानेच हे सांगितले. अक्षर नसले की काय होते ते त्याला कोणी समजावून द्यावे लागले नाही. आपण आज जो धडा गिरवत आहोत, तो शंभर वर्षांपूर्वी खंदकात बसलेल्या माणसाला कळला होता.

६. पत्र थांबते तेव्हा

आता बसऱ्याकडची हकिगत ऐका. तिग्रिस नदीच्या काठी कूट नावाचे गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की फौजेने तिथे इंग्रजांच्या फौजेला वेढा घातला. आत अडकलेल्या फौजेत आपल्या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांचे नंबर १०३, ११० आणि ११७. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपत आले. विमानांतून पिठाची पोती टाकली, पण ती पुरली नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. वाळवंटातून पायी चालताना आणि कैदेत हजारो मेली.

त्या पाच महिन्यांत टपालाची नेहमीची वाट बंद होती. पुढे कैद. इकडे घरी काय अवस्था झाली असेल? माणूस आहे की गेला? कुंकू लावायचे की पुसायचे? वाईट बातमीपेक्षाही बातमी नसणे माणसाला जास्त जाळते.

म्हणून पुढे जगातल्या देशांनी मिळून नियम केले. १९४९ साली जिनिव्हा येथे करार झाला. आपला देशही त्यात आहे. त्या करारात कैदी शिपायाला पत्राचा हक्क आहे. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड लिहू दिले पाहिजे. पुढे महिन्याला निदान दोन पत्रे आणि चार कार्डे लिहू दिली पाहिजेत. त्यांना टपालखर्च लावायचा नाही. शत्रूच्या माणसालाही अन्न, पाणी, औषध यांच्याबरोबर पत्र दिले पाहिजे, असे जगाने मानले. पत्राची किंमत याहून दुसरी कोणती सांगावी?

७. आजचे फौजी टपाल

आज आपल्या सैन्याचे स्वतःचे टपालखाते आहे. १ मार्च १९७२ पासून ते सैन्यातले एक वेगळे दल म्हणून काम करते. शिपाई राजस्थानच्या वाळवंटात असो की हिमालयाच्या बर्फात, पत्त्यात गावाचे नाव नसते. 'द्वारा ५६ ए.पी.ओ.' किंवा 'द्वारा ९९ ए.पी.ओ.' असे लिहितात. ए.पी.ओ. म्हणजे फौजेचे टपालघर. शेवटी पिनकोड घालतात. फौजेचा पिनकोड ९ या आकड्याने सुरू होतो. दिल्ली आणि कोलकाता येथे फौजी टपालाची मोठी केंद्रे आहेत. कोणती पलटण कुठे आहे हे फौजेला ठाऊक असते. तिथून पत्र बरोबर जागी जाते. शत्रूच्या हाती पाकीट पडले तरी त्याला ठिकाण कळत नाही. उंच बर्फातल्या चौक्यांवर हेलिकॉप्टरनेही टपाल जाते.

पूर्वी घरी तार आली की बायका आधी रडू लागत, मग तार वाचून घेत. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता हातोहाती फोन आहे. पोराचा आवाज ऐकू येतो, तोंडही दिसते. ही मोठीच सोय. पण दूरच्या चौकीवर फोन लागेलच असे नाही. लागला तरी घाईत बोलणे होते. फोनचे बोलणे वाऱ्यावर जाते. पत्र ट्रंकेत राहते. दहा वेळा काढून वाचता येते.

१९९९ साली मे ते जुलैमध्ये कारगिलची लढाई झाली. त्या लढाईत कॅप्टन विजयंत थापर हा २२ वर्षांचा अधिकारी धारातीर्थी पडला. शेवटच्या चढाईला जाण्यापूर्वी त्याने आईवडिलांना पत्र लिहून ठेवले होते. मी परत आलो नाही तर हे घरी द्या, असे सांगून तो गेला. पत्रात त्याने अनाथालयाला मदत करायला सांगितले. एका लहान मुलीला तो दरमहा ५० रुपये देत असे. ते पुढेही देत जा, असे त्याने लिहिले. माणूस गेल्यावर पत्र घरी पोचले, आणि त्याचे मागे राहिलेले काम आईवडिलांच्या हाती देऊन गेले.

८. आपण पत्र कसे लिहावे?

घरचे कोणी फौजेत असेल, तर पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. त्याचा नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण आणि ए.पी.ओ. एका वहीत लिहून ठेवा. त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसचा पत्ताही लिहा. शिपायाच्या घरच्यांची नोंद तिथे असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. बरेच दिवस खुशाली आली नाही, तर तिथे विचारता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते, तेही मदत करते. वही घरात सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा.

दुसरी गोष्ट. पत्ता स्वच्छ, सुट्या अक्षरांत लिहा. नंबर विसरू नका. एका नावाचे चार शिपाई असतात, पण एका नंबरचे दोन नसतात.

तिसरी गोष्ट. तो कुठे आहे, किती जण आहेत, पुढे कुठे जाणार, हे पत्रात किंवा फोनवर विचारू नका. चुकून कळले तर चारचौघांत सांगू नका. आपल्या बोलण्याने त्याच्याच जिवाला धोका होतो.

चौथी गोष्ट. खरे लिहा, पण जपून लिहा. सगळे दुःख एकाच पत्रात ओतू नका. सगळे लपवूही नका. लपवलेले दुसऱ्याकडून कळले तर त्याला जास्त लागते. दुखणे असेल तर उपचार काय चालू आहे तेही लिहा. म्हणजे त्याला धीर येईल.

पाचवी गोष्ट. घरातल्या लहानसहान गोष्टी लिहा. पाऊस किती झाला, गाय व्याली का, पोर चालू लागले का. दूर असलेल्या माणसाला त्यातच घर दिसते.

एका आईने आपल्या मुलाला लिहावे, असे एक पत्र नमुना म्हणून खाली देत आहोत.

चि. बाळास,

आईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी खुशाली कळव.

तुझ्या बाबांचा गुडघा दुखत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. आता बाबा सकाळी शेतावर जाऊन येतात. काळजी करू नको. यंदा पाऊस वेळेवर झाला. वरच्या वावरात भुईमूग चांगला आलाय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझी बहीण दहावीला बसली. अभ्यास करते.

तू पाठवलेले पैसे मिळाले. खताचे पैसे भागवले, उरलेले बँकेत ठेवले. तू जेवणाची आबाळ करू नको. थंडीत कानाला बांधत जा.

एक सांगायचे राहिले. हे पत्र मी कोणाकडून लिहून घेतले नाही. माझ्या हाताने लिहिले. अक्षर वाकडे आहे, पण माझे आहे. तू उत्तर लिहिलेस की मीच वाचीन. तुला जे कोणाला सांगवत नाही ते मला लिही.

तुझी,
आई

वाचकहो, या पत्रात मोठे शब्द नाहीत. इतके तर आपल्यापैकी प्रत्येकाला आता लिहिता येते. घरी कोणी फौजेत नसेल, तरी मुंबईला, पुण्याला, परमुलखात कोणीतरी असतेच. आज रात्री दिवाबत्ती झाली की कागद घ्या. चार ओळी लिहा. पाकीट आपल्या हाताने बंद करा आणि आपल्या हाताने पेटीत टाका.

प्रश्न

१. लाम म्हणजे काय?
२. पहिल्या महायुद्धात शिपायाचे पत्र घरी कळेपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून जाई?
३. काळी मिरी आणि लाल मिरची म्हणजे कोण?
४. शिपायांनी मुलींना शिकवा असे घरी का कळवले?
५. कैदी शिपायाला जिनिव्हाच्या कराराने कोणता हक्क मिळाला?
६. फौजेच्या पत्त्यात गावाचे नाव का नसते?

करून पाहा

१. तुमच्या गावात लढाईवर गेलेल्यांचा दगड किंवा स्तंभ आहे का? असल्यास त्यावरचा मजकूर स्वतः वाचा आणि वहीत उतरवून घ्या.
२. दूर असलेल्या आपल्या माणसाला दहा ओळींचे पत्र लिहा. ते दुसऱ्या कोणाला दाखवू नका. थेट टपालात टाका.